ठिकाण आणि टोळके : अहिराणी गाण्यांच्या चित्रफितींविषयी

रॅप संगीताच्या चित्रफितींनी स्वतःची दृश्यशैली घडवली, आणि त्या शैलीचे संकेत मुख्यतः दोन गोष्टींभोवती फिरतात, असे ट्रिशा रोझ यांनी 'ब्लॅक नॉइज' (१९९४) ह्या ग्रंथात दाखवून दिले आहे. गाणारा कोण आहे ही एक गोष्ट, आणि तो कुठे उभा आहे ही दुसरी. गाणारा आपल्या वस्तीत, आपल्या सोबत्यांच्या टोळक्यासह उभा असतो. मागची भिंत, नाका, बसथांबा, पोरांचा घोळका हे सर्व त्याच्या विधानाचाच भाग असते. 'द मेसेज' (१९८२) ह्या गाण्याच्या चित्रफितीत न्यूयॉर्कचे रस्ते येतात ते ह्याच न्यायाने. 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' (१९८८) मध्ये तर त्या गावाचा नकाशाच पडद्यावर येतो. 'फाइट द पॉवर'साठी (१९८९) स्पाइक ली यांनी ब्रुकलिनच्या रस्त्यावर मोर्चा उभा केला. पुढे हाइप विल्यम्स यांनी माशाच्या डोळ्यासारख्या फुगीर भिंगातून रॅपरचे तोंड प्रेक्षकाच्या अंगावर आणले, चकचकीत पोशाख आले, पैसा आला, आणि वस्तीची जागा स्टुडिओतल्या कृत्रिम अवकाशाने घेतली. तरीही टोळके मागे उभे राहिलेच. रोझ यांच्या विवेचनातून मला घ्यावासा वाटतो तो मुद्दा एवढाच, की हे संकेत म्हणजे सजावट नव्हे. ज्यांच्या वस्तीचे नाव शहराच्या बातम्यांत फक्त गुन्ह्याच्या संदर्भात येत होते, त्यांनी त्या नावावर सांगितलेला हक्क त्या संकेतांत आहे.

धुळ्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या, जळगावहून एरंडोल-पारोळामार्गे एस.टी.ने येजा करणाऱ्या अध्यापिकेला ह्या ग्रंथाची आठवण वारंवार का व्हावी, हे सांगावयास हवे. पदव्युत्तर वर्गाला मी वाङ्मयप्रकारांची अभ्यासपत्रिका शिकवते. प्रकार म्हणजे गुणधर्मांची यादी नव्हे, तो लेखक आणि वाचक यांच्यातला अपेक्षांचा करार असतो, हे विधान मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि विद्यार्थी दरवर्षी ते उतरवून घेतात. ते त्यांना पटते आहे असे क्वचितच जाणवते. एका वर्षी मी लघुकथेचे उदाहरण बाजूला ठेवले. एका विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर एक नवे अहिराणी गाणे लावले, दहा सेकंदांनी थांबवले, आणि पुढे काय काय दिसेल हे लिहून काढावयास सांगितले. बावीस जणांनी लिहिले. बहुतेकांनी जे लिहिले ते जवळजवळ तसेच्या तसे पुढे पडद्यावर आले. जिथे आले नाही तिथे वर्गातून निषेधाचा सूर उमटला. करार मोडला गेल्याची ती तक्रार होती. शिक्षक म्हणून मला त्या दिवशी फार समाधान वाटले.

त्यांनी लिहिलेले काय होते? आरंभी निर्मात्याच्या वाहिनीचे चमकते बोधचिन्ह. मग आकाशातून घेतलेले दृश्य : केळीची बाग, कपाशीचे शेत किंवा धरणाचे पाणी, आणि त्यामधून जाणारा एक निमुळता रस्ता. रस्त्यावरून बुलेट येते, बुलेटवर काळा चष्मा लावलेला नायक. पारावर किंवा पानटपरीजवळ त्याचे तीन-चार मित्र. मुलगी येते, हातात कॉलेजची पिशवी किंवा डोईवर हंडा. हंडा अलीकडे रिकामाच असतो, हे एका विद्यार्थिनीने मुद्दाम नोंदवले होते. मित्रांपैकी एक जण विनोदी, बहुधा अंगाने स्थूल किंवा अगदी किरकोळ. दुसऱ्या कडव्याला नायक-नायिकेचे कपडे बदलतात, आणि ध्रुवपदाला कोठूनसे एकसारख्या पोशाखातले आठ-दहा नर्तक उगवतात. त्यांच्या हालचाली लग्नाच्या वरातीत जमतील इतक्याच अवघड असतात. शेवटी बापाचा किंवा भावाचा रुसवा, क्वचित लग्न.

ह्या संकेतांची घडण समजून घेण्यासाठी शेजारच्या मालेगावकडे पाहावे लागते. तिथे शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. दरोडेखोरांना घोडे परवडेनात म्हणून ते सायकलींवर आले, आणि प्रेक्षकांनी ते हसत हसत मान्य केले. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटामुळे आणि पुढे रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' ह्या चित्रपटामुळे हा इतिहास आता सर्वांना ठाऊक आहे. त्या उद्योगाने लग्नाच्या कॅमेऱ्यावर कथा सांगता येते, हा आत्मविश्वास ह्या पट्ट्याला दिला. मग व्हीसीडीचा काळ आला नि गेला. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरची माहिती स्वस्त झाली आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी गाण्यांच्या चित्रफिती निघू लागल्या. कॅमेरा मात्र अजून बऱ्याच ठिकाणी लग्नाचाच आहे. जो मे महिन्यात लग्ने टिपतो, तोच पावसाळ्यात गाणी टिपतो. त्यामुळे ह्या गाण्यांच्या दृश्यशैलीवर लग्नाच्या चित्रणाची, विशेषतः लग्नापूर्वी वधूवरांना नदीकाठी नेऊन जे चित्रण करतात त्याची, दाट छाया आहे. ड्रोन तिथूनच आला.

ड्रोनविषयी थोडे थांबून बोलावेसे वाटते. रॅपच्या चित्रफितीतला कॅमेरा रस्त्यावर, बहुधा कमरेच्या उंचीवर असतो आणि वर पाहतो. गाणारा त्यामुळे उंच दिसतो, त्याची वस्तीही उंच होते. मुंबईत नेझीने 'आफत!' (२०१४) आयपॅडवर चित्रित केले, पुढच्या वर्षी डिव्हाइनबरोबर 'मेरे गली में' आले. त्यांतही कॅमेरा गल्लीच्याच पातळीवर आहे, कारण गल्ली वरून दिसतच नाही, पत्रे दिसतात. आमच्या चित्रफितीत डोळा वर जातो. वरून शेत दिसते, त्याचे बांध दिसतात, ठिबकच्या नळ्यांच्या सरळ रेषा दिसतात. वरून दिसणारे शेत कोणाचे तरी असते. त्यात राबणारे माणूस वरून ओळखू येत नाही. ही नजर मला सातबाऱ्याची नजर वाटते. नायक ज्या बागेतून बुलेट काढतो ती त्याची आहे की तो तिथे रोजाने घड कापतो, हे चित्रफीत कधीच सांगत नाही, पण डोळा मालकाचा देते. चित्रण करणारी बहुतेक मुले भूमिहीन किंवा दोन-चार एकरांच्या कुटुंबांतली असतात हे मी जवळून पाहिले आहे. त्यांनी मालकाची नजर उसनी घ्यावी ह्याचा मला राग येत नाही. पण ती उसनी आहे, एवढे समीक्षेने नोंदवले पाहिजे.

आता ठिकाणाचा प्रश्न. अहिराणी चित्रफितीत ठिकाण ओळखू येत नाही. रॅपर आपल्या मोहल्ल्याचे नाव घेतो, पिनकोड सांगतो, अंगरख्यावर छापतो. आमचा नायक क्वचितच सांगतो की हे साक्री आहे की चाळीसगाव. लळिंगचा किल्ला किंवा जळगावचा मेहरूण तलाव दिसला तरी ते 'लोकेशन' असते, 'गाव' नसते. म्हणजे रोझ यांच्या दोन खुणांपैकी एक येथे गैरहजर आहे काय? माझे उत्तर असे की ती आहे, पण डोळ्यांसाठी नाही. ती कानासाठी आहे. ह्या गाण्यांत ठिकाण दाखवले जात नाही, ऐकवले जाते. बोली हाच ह्या चित्रफितीचा नकाशा आहे.

उदाहरणार्थ, 'बबल्या इकस केसावर फुगे' हे अण्णा सुरवाडे यांचे गाणे. काही वर्षांपूर्वी ते महाराष्ट्रभर वाजले, आणि पुण्या-मुंबईच्या लोकांनी ते निरर्थक पण गमतीदार शब्दांची माळ म्हणून घेतले. शीर्षकाच्या ह्या चार शब्दांत निरर्थक असे काही नाही. बायकांच्या फणीत अडकलेल्या केसांचे गुंतवळ साठवून ठेवायचे आणि दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला देऊन त्याबदली मुलांसाठी फुगे घ्यायचे, हा आमच्याकडचा नित्याचा व्यवहार. हे केस पुढे गंगावने-टोपांच्या बाजारात जातात. 'केसावर' मधला 'वर' हा प्रत्यय येथे स्थळ दाखवीत नाही, मोबदला दाखवतो. 'जुन्या कपड्यांवर भांडी' ह्या आरोळीतला 'वर' तोच आहे. आणि 'इकस' हे अहिराणीचे वर्तमानकाळाचे रूप : करस, जास, इकस. प्रमाण मराठीला 'विकतो' म्हणताना विकणाऱ्याचे लिंग सांगावेच लागते, 'इकस' सांगत नाही. एक व्याकरण, एक धंदा, एक दारावरची आरोळी आणि तिच्यामागे धावणारी पोरे एवढे सारे चार शब्दांत आहे. जो हे ऐकतो त्याला पडद्यावर पाटी दाखविण्याची गरज नाही. ज्याला हे ऐकू येत नाही त्याला पाटी दाखवूनही ठिकाण कळणार नाही.

ह्याच्या उलट बाजूला 'हाई झुमका वाली पोर' आहे. भैय्या मोरे यांनी गायलेले हे गाणे कोट्यवधी वेळा पाहिले गेले, आणि त्यावर देशाच्या कोणकोणत्या कोपऱ्यांतली, अहिराणीचा गंधही नसलेली माणसे नाचली. शीर्षकात दर्शक सर्वनाम अहिराणी, 'वाली' हिंदी, 'पोर' पुन्हा आमची. बोलीचा काटा किती खाली आणला म्हणजे गाणे तापी ओलांडते, ह्याचे हे चोख माप आहे. मला हे गाणे आवडते. 'बबल्या'इतके मात्र ते मला कोठे उभे करीत नाही.

बोली म्हणजेच ठिकाण, असे म्हणताना एक कडवट पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते. ग्रिअर्सन यांनी १९०७ मध्ये खानदेशीला मराठीच्या खंडात जागा दिली नाही, ती भिल्ल भाषांच्या खंडात ठेवली. भारताच्या २०११ च्या जनगणनेतही 'खानदेशी' मराठीपासून स्वतंत्र मोजली गेली, आणि तिचे सुमारे १८ लाख ६० हजार भाषक निघाले. दुसरीकडे, ज्या विषयाची मी अध्यापिका आहे त्या विषयाच्या दृष्टीने ती मराठीची बोली. घरात ह्याहून साधी व्यवस्था होती. आमच्या घरी अहिराणी स्वयंपाकघरात आणि प्रमाण मराठी ओसरीवर असे. वडील शाळामास्तर होते. आई ओसरीवर आली की तिची वाक्ये आखूड होत. साक्रीकडची एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "मॅडम, वर्गात कोणी अहिराणी बोललं की सगळे हसतात, आणि गाण्यात लागली की कोणीच हसत नाही, सगळे नाचतात." ह्या वाक्यात मला रोझ यांच्या प्रकरणाचे सार सापडले. बोलीला हसण्याचा विषय करून ठेवणाऱ्या प्रदेशात तिच्यावर नाचता येणे, हे काही कमी नव्हे.

नाचण्याचे म्हणाल तर टोळक्याचा संकेत येथे फार वेगळ्या मुळाचा आहे. रॅपमधले सोबती छाती पुढे काढून उभे असतात. आमचे टोळके वरातीतून आले आहे. ही गाणी प्रथम ऐकली जातात ती बॅंडच्या नाहीतर डीजेच्या मागे, हळदीच्या रात्री, आणि चित्रफीत ही त्या श्रवणाची पूर्वतयारी किंवा आठवण असते. की-बोर्डवर पावरीच्या, म्हणजे कोकणा-भिल्लांच्या वाद्याच्या सुरांची नक्कल ऐकू येते ती ह्याच वाटेने. डोंगरातले वाद्य सपाटीच्या वरातीत शिरले आहे, वाजवणारा बहुधा शिरलेला नाही. म्हणून चित्रफितीतल्या नाचाला प्रेक्षक नसतो. सगळेच नाचणारे, आणि पाहणाऱ्यासाठी एक जागा मोकळी ठेवलेली असते. ही रचना तमाशाच्या रंगमंचापेक्षा कानबाईच्या मिरवणुकीला जवळची आहे.

मात्र एका जागी माझा ह्या प्रकाराशी भांडणतंटा आहे. रॅपमध्ये 'मी' बोलतो, स्वतःचे नाव घेऊन बोलतो, शेखी मिरवतो, शिव्या देतो. अहिराणी चित्रफितीत बोलतो तो मुलगा, तोही 'तू'शी. त्याचा 'मी' मुलीचे वर्णन करण्यापुरता. मुलगी ओठ हलवते, पण त्या ओठांतून येणारे शब्द बहुतेक वेळा मुलानेच लिहिलेले असतात. हा प्रकार ज्या भूमीत उगवला तिथली परंपरा अशी नाही. आखाजीला माहेरी आलेल्या सासुरवाशिणी झोक्यावर जी गाणी म्हणतात, त्यांत बोलणारी 'मी' लख्ख असते. ती सासूला बोलते, बापाला बोलते, वाट लांब असल्याबद्दल भावालाही बोलते. त्या गाण्यांच्याही चित्रफिती निघाल्या आहेत. त्यांत चार मुली नऊवारी नेसून फुलांच्या झोक्यावर बसतात आणि हसत हसत सासूची गाऱ्हाणी गातात. गाऱ्हाणे शाबूत राहिले, चेहऱ्यावरचे मात्र पुसले गेले. संकेत किती बलवान असतो ते येथे दिसते : चित्रफितीत मुलीने हसलेच पाहिजे.

आमच्या क्षेत्रातल्या विद्वानांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. देशीवादाची मांडणी करणारे भालचंद्र नेमाडे ह्याच मुलखातले, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांचे नाव घेणारे अनेक सहकारी ह्या गाण्यांना अपभ्रष्ट म्हणतात, कारण त्यांत हिंदी आहे, डीजे आहे, बुलेट आहे. ओवी देशी आणि बुलेट परकी, ही वाटणी मला मान्य करता येत नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेव आणि पितांबर यांनी टिपून ठेवली, अत्र्यांच्या हाती पडली, १९५२ मध्ये छापली गेली, आणि मग ती काव्य ठरली. मधली पायरी छापखान्याची होती. आजची अहिराणी ती पायरी गाळून मुखातून थेट पडद्यावर गेली आहे, आणि छापील पानावर पोसलेल्या आमच्या समीक्षेला ती म्हणूनच दिसत नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे ह्या तरुण रॅपरवर सत्ताधाऱ्यांवरील मराठी रॅपबद्दल गुन्हा दाखल झाला. निदान पोलिसांनी तरी त्या संहितेचे सूक्ष्म वाचन केले, असे म्हणावे लागते.

गेल्या दोन वर्षांतली एक गोष्ट येथे सांगावी लागेल. ज्या विद्यार्थिनीचे वाक्य वर दिले आहे तिने 'अहिराणी गाण्यांच्या चित्रफिती : संकेत आणि संहिता' असा लघुप्रबंधाचा विषय मांडला. ज्या समितीपुढे तो गेला तिने दोन शंका काढल्या. हा विषय साहित्याचा नाही, ही पहिली. ह्यास संदर्भग्रंथ नाहीत, ही दुसरी. दुसरी शंका खरी होती, म्हणूनच विषय घेण्याजोगा होता. बरीच पत्रापत्री झाल्यावर शीर्षकात 'लोकसाहित्याच्या संदर्भात' हे शब्द घालण्याच्या अटीवर विषय मंजूर झाला. तिने ते घातले. तिला गाणी जुनी वाटत नव्हती आणि 'लोक' म्हणजे कोण हेही तिला विचारावेसे वाटत होते, पण मुदत संपत आली होती.

आता ती चाळीस गाणी कागदावर उतरवीत आहे, आणि आठवड्यातून दोनदा आमचा वाद होतो. गाण्यांची शीर्षके पडद्यावर बहुधा रोमन लिपीत असतात, एकच शब्द तीन निर्माते तीन तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे तिथून मदत नाही. 'डोळा' लिहायचे की 'डोया'? गायक 'डोया' म्हणतो, म्हणून 'डोया'. पण पुढच्या कडव्यात तोच गायक, बहुधा स्टुडिओत कोणीतरी सुचवल्यामुळे, स्वच्छ 'डोळा' म्हणतो, आणि तिथे मुलगी कॅमेऱ्याकडे पाहत असते. तिचे म्हणणे असे की दोन्ही जसेच्या तसे लिहावे आणि तळटीप द्यावी. मी तळटीप काय द्यायची ते विचारले. ती म्हणाली, "गायक इथे धुळ्याहून नाशिकला गेला." तूर्त आम्ही ती तशीच ठेवली आहे. 'इकस' मधला इ ऱ्हस्व की दीर्घ, हे अजून ठरावयाचे आहे.